भिंतीला पक्का पलंग

मी प्लास्टर घालते. भिंतींना नाही, माणसांना. हाडांच्या दवाखान्यात तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारची खोली माझी. डॉक्टर हाड जागेवर आणतात आणि निघून जातात; ते जागेवर ठेवायचं काम माझं. मोठी माणसं पडण्याची कारणं सांगतात ती बहुतेक खोटी असतात. मुलं खरं सांगतात. "मी खण उघडले आणि त्यावर चढलो," असं पोर सांगतं, आणि मागे उभी असलेली आई रडत म्हणते, कपाट नवंकोरं होतं हो, आत्ताच तर आणलं होतं. नवंकोरंच असतं. जुनी कपाटं जड असतात, ती सहसा कुणाच्या अंगावर येत नाहीत.

त्यामुळे माझ्या मुलांच्या खोलीसाठी पलंग आणि कपाट घ्यायची वेळ आली तेव्हा मी दुकानदारांच्या डोक्याला जो ताप दिला, त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. नवऱ्याला वाटायची. तो प्रत्येक दुकानात आत येऊन लगेच फोन आल्यासारखं करायचा आणि बाहेर जाऊन उभा राहायचा.

एका मोठ्या दुकानात मोटारीच्या आकाराचा लालभडक पलंग होता. धाकट्याला आम्ही घरात इंजिन म्हणतो, कारण तो चालत कुठंच जात नाही. इंजिन धावत जाऊन त्या पलंगात शिरलं आणि तोंडानं हॉर्न वाजवायला लागलं.

"बघा मॅडम, मुलं प्रेमातच पडतात," विक्रेता म्हणाला.

"प्रेमात पडू देत, खाली पडायला नकोत," मी म्हटलं आणि गुडघ्यांवर बसले. पर्समध्ये प्लास्टरचा एक न उघडलेला रोल होता. तो कठड्याच्या फटीतून आरपार गेला. जिथं तो रोल सरळ जातो तिथं लहान मुलाचा पाय जातो, आणि पाय गेला की झोपेत कूस बदलताना काय होतं ते मी रोज बघते. मग मी शेजारच्या कपाटाचे सगळे खण बाहेर ओढले आणि सगळ्यात खालच्यावर नुसता हात टेकून भार दिला. कपाट पुढं झुकलं. विक्रेत्यानं ते मिठी मारून धरलं.

"असं कोण करतं, मॅडम?" तो धापा टाकत म्हणाला.

"पाच वर्षांचं कुठलंही मूल," मी म्हटलं. इंजिन तोवर दुसऱ्या कपाटावर चढलेलं होतंच, त्यामुळे पुरावा शोधायला लांब जावं लागलं नाही.

थोरली, जिला आम्ही मास्तरीण म्हणतो, ती दारापाशी उभी राहून ओशाळली होती. मास्तरीण नऊ वर्षांची आहे आणि जगातल्या सगळ्यांच्या चुका काढते, पण आईनं चारचौघांत काढलेल्या तिला चालत नाहीत.

आता घराचं सांगते. घर सासऱ्यांनी बांधलेलं, त्यांच्या मागं सासूबाईंच्या नावावर. खाली सासूबाई, थोरले दीर आणि जाऊबाई. वर आम्ही. वरच्या दोन खोल्यांपैकी एकीत आम्ही चौघं आडवेतिडवे झोपायचो आणि दुसरीत मोडके पंखे, रिकामे डबे आणि कुणीच टाकून देत नाही असं सगळं सामान होतं. मुलं मोठी व्हायला लागली तशी आमची स्वतःचं वेगळं घर घ्यायची बोलणी सुरू झाली. जवळ थोडं साठलंही होतं. ते सासूबाईंच्या कानावर गेलं. त्यांनी जेवताना सगळ्यांच्या समोर सांगितलं, "कुठं जाताय मुलांना घेऊन? वरचा मजला तुमचाच आहे. ती अडगळ काढा आणि पोरांना खोली करा."

तुमचाच, असं म्हणाल्या. एक्स-रे बघितल्याशिवाय मी कुणाचं काही मानत नाही, पण हे मात्र तोंडी मानलं. वेगळ्या घराचा विषय कानामागं टाकला आणि साठलेलं सगळं त्या खोलीत घालायचं ठरवलं.

एकदाच करायचं आणि कायमचं करायचं, असं माझ्या डोक्यात होतं. दुकानातलं सगळं भुश्याच्या फळ्यांचं, वरून गुळगुळीत कागद चिकटवलेलं. दोन वर्षांत कागद सुटतो, फळी फुगते, स्क्रू ढिले होतात. मला भरीव लाकडाचा पलंग हवा होता, खाली एक, वर एक, दोघं कॉलेजात जाईपर्यंत टिकेल असा. पुढं त्यांची मुलं येऊन झोपतील असाही, हे मनातल्या मनात. त्यासाठी मी मिस्त्री गाठला.

आणि इथंच जाऊबाई मदतीला आल्या.

जाऊबाई आणि मी, आमचं कधी भांडण नव्हतं. गोडीही नव्हती. फ्रिजमधला वरचा कप्पा त्यांचा, खालचा माझा, तसंच बाकी सगळं. पण या पलंगात त्यांनी जे लक्ष घातलं ते बघून मी विरघळले. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी त्यांना मूल झालं होतं. त्याला आम्ही ढब्बू म्हणतो. तो तेव्हा नुकता चालायला लागला होता, आणि खरं सांगायचं तर माझाही त्याच्यावर जीव होता. मी दवाखान्यातून आले की तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून "काकू, उचल," म्हणायचा, आणि मी पिशवीसकट उचलायची. त्यामुळे जाऊबाई म्हणाल्या की मिस्त्रीकडे मीही येते, तेव्हा मला वाटलं, आई झाल्यावर माणूस बदलतं.

"लांबी कमी करू नकोस हं," त्या मिस्त्रीसमोर म्हणाल्या. "मुलं बघता बघता उंच होतात. पूर्ण माणसाची कर."

मी केली.

"आणि भिंतीला पक्का करून टाक. तूच सांगतेस ना, पडतात म्हणून. नुसता टेकवून ठेवण्यात काय अर्थ?"

हे तर माझंच म्हणणं होतं. मिस्त्रीनं सुचवलं की भिंतीत लांब बोल्ट घालून आतून सिमेंटनं भरून टाकू, कपाटही त्याच चौकटीत बसवू, मग दहा पोरं लोंबकळली तरी हलणार नाही. मी हो म्हटलं.

"आणि खालच्या पलंगालाही कठडा ठेव," जाऊबाई म्हणाल्या.

"खालच्याला कशाला, ताई? इंजिन पाच वर्षांचं आहे. तो झोपला की दगडासारखा पडून असतो."

"अगं, ढब्बू येईल कधी वर झोपायला. हट्ट करतो ना तुझ्याकडे यायचा."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी मिस्त्रीला सांगितलं, खालच्या पलंगाला कठडा करा, पण निघणारा करा, बोल्टचा. ढब्बू मोठा झाला की काढून ठेवता येईल. त्या अख्ख्या पलंगात निघण्यासारखी तेवढी एकच गोष्ट झाली.

काम खोलीतच चाललं, कारण जिना अरुंद आणि मधे वळलेला. एवढा मोठा पलंग तयार करून वर नेणं शक्यच नव्हतं. मिस्त्री फळ्या एकेक करून वर न्यायचा आणि तिथंच रंधा मारायचा. उघडे खिळे, स्क्रू मला नको होते, मुलांचे कपडे अडकतात, कातडी फाटते. त्यानं सगळे सांधे लाकडी खुंट्या ठोकून आणि सरस भरून केले. भुश्याचा वास पार खालपर्यंत जायचा आणि सासूबाई शिंकायच्या.

प्लास्टरखाली घालायची सुती नळी असते, पायमोज्यासारखी. आम्ही तिला मोजाच म्हणतो. तिचा एक गुण आहे, डोळ्याला न दिसणारं लाकडाचं कुसळही तिच्यात अडकतं. मी तो मोजा हातावर चढवून सगळ्या कडांवरून फिरवायची. जिथं धागा अडकेल तिथं खडूनं खूण, आणि मिस्त्रीला पुन्हा घासायला लावायचं. मिस्त्रीच्या नाकी नऊ आले. "बाई, हे लाकूड आहे, लोणी नाही," असं तो एकदा म्हणालाच.

जाऊबाईंनी माझ्याकडून मोज्याचा एक तुकडा मागून घेतला. मी कामावर गेले की त्या वर जाऊन स्वतः कडा तपासायच्या. संध्याकाळी मी आले की सांगायच्या, "खणाच्या आतल्या बाजूला एक जागा राहिली होती. घासून घेतली." मी दवाखान्यात सगळ्यांना सांगत सुटले की माझी जाऊ म्हणजे जाऊ नाही, बहीण आहे.

शेवटच्या दिवशी मिस्त्रीनं बोल्ट बसवले, भोकं बुजवली, वर रंग दिला. मग पलंगाला धरून सगळा जोर लावून हलवून दाखवला. पलंग हलला नाही, मिस्त्रीच हलला.

"बाई, आधीच सांगून ठेवतो," तो हात पुसत म्हणाला. "हा आता निघायचा नाही. घर बदलायचं म्हणाल तर भिंत फोडावी लागेल, आणि जिन्यातूनही कापूनच काढावा लागेल."

"निघायला हवाय कुणाला?" मी म्हटलं.

जाऊबाई दारात ढब्बूला कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची आठवण झाली की आजही माझ्या अंगाची आग होते.

सहा-सात महिने बरे गेले, हे नाकारून उपयोग नाही. मास्तरीण वर झोपायची आणि तिथून इंजिनाला नियम वाचून दाखवायची. ढब्बू खरंच दोन-तीनदा हट्ट करून वर झोपायला आला. तो झोपेत गोल गोल फिरतो. कठड्याला आपटायचा, कुरकुरायचा आणि पुन्हा झोपायचा. मी त्या कठड्याकडे बघून मनात म्हणायची, बरं केलं हो ताईंनी सुचवलं.

मग तो सुट्टीचा दिवस. सकाळचा चहा चालला होता. दीर काही महत्त्वाचं बोलणार असले की आधी घसा खाकरतात आणि मग वर्तमानपत्राची घडी घालतात. दोन्ही झालं.

"ढब्बू आता मोठा होतोय," ते म्हणाले. "त्याला खोली लागेल. खाली जागा पुरत नाही. तुम्ही दोघंही कमावते आहात, तर तुम्ही आता तुमचं स्वतंत्र बघावं, असं आईचं म्हणणं आहे. घाई नाही. पण शाळा सुरू व्हायच्या आत झालं तर मुलांच्या दृष्टीनंही बरं."

मी सासूबाईंकडे बघितलं. ज्यांचं म्हणणं होतं त्या कपात बघत होत्या. मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं बिस्किट चहात बुडवलं होतं, ते तुटून तळाशी गेलं होतं, आणि तो चमच्यानं ते शोधत होता. अख्खं घर पायाखालून जात होतं आणि हा माणूस बिस्किट शोधत होता.

"आई," मी म्हटलं, "तुम्ही तर म्हणाला होतात, वरचा मजला तुमचाच आहे."

"म्हटलं होतं गं. तेव्हा म्हटलं होतं." सासूबाईंना कोंडीत पकडलं की त्या खरं बोलून टाकतात, तो त्यांचा स्वभावच आहे. "पण मग यांचं ठरलं. मी तर यांना सांगत होते, पलंगाचं काम काढायच्या आधीच सांगून टाका, उगाच त्यांचा खर्च कशाला. तर ही तुझी जाऊ म्हणाली, करू दे ना, हौस आहे तिची. खोली तरी नीट होईल."

दिरांनी घातलेली घडी पुन्हा उलगडली आणि पेपरात डोकं घातलं. मला त्या क्षणी पलंगाची लांबी आठवली, भिंतीतले बोल्ट आठवले, खालचा कठडा आठवला. हातावर माझाच मोजा चढवून जाऊबाई कडा तपासत होत्या, त्या कुणासाठी तपासत होत्या तेही कळलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. फरक इतकाच की केस मी स्वतः आणून दिला होता आणि त्यांच्या हाताला लागू नये म्हणून घासूनही दिला होता.

"आई काहीतरीच बोलतात," जाऊबाई म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा. "तसं काही नव्हतं हं. आणि पलंगाचं काय, तो तुमचाच आहे. घेऊन जा की. आम्ही कुठं नाही म्हणतोय?"

घेऊन जा की. मी कप उचलला, मोरीत नेऊन विसळला आणि वर गेले.

नवरा मागून आला. "जाऊ दे ना," तो म्हणाला. "एक पलंग तर आहे. त्यासाठी आईचं मन कशाला दुखवायचं?"

"आईचं मन मोडलं तर मी प्लास्टर घालीन," मी म्हटलं. "तू तुझं बिस्किट शोध."

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला ते कळलंही नाही, कारण मीही बोलत नव्हते.

मिस्त्रीला मी बोलावलं. तो आला, पलंगाजवळ उभा राहिला, चौकटीवर तळहात फिरवला.

"काप म्हणालात तर कापतो," तो म्हणाला. "पण खुंट्यांचे सांधे आहेत, सरसानं भरलेत. सुटे होणार नाहीत. मधूनच कापावे लागतील. खाली जाईल ते लाकूड असेल, पलंग नाही. आणि तुम्ही सांगाल तो तुकडा कापीन, पण कुठून सुरुवात करायची ते तुम्हीच दाखवा."

त्यानं करवत माझ्या समोर धरली. नासवायचा होता मला तो पलंग. एकेक फळी जिन्यावरून खाली फेकायची होती, जाऊबाईंच्या दारात ढीग घालायचा होता. पण जिथं जिथं नजर गेली तिथं माझ्या खडूची एखादी पुसट रेघ आठवत होती. मोडलेलं जोडण्यात माझं आयुष्य चाललंय. धडधाकट गोष्ट मोडायला माझा हात मुळी उचललाच जाईना, आणि याचा मला अभिमान नाही, चीड आहे.

"राहू दे, मिस्त्री," मी म्हटलं.

मुलांना सांगायचं काम माझ्यावरच आलं. इंजिनानं विचारलं, नव्या घरात पलंग कसा चढवणार. मी सांगितलं, पलंग येणार नाही, तो भिंतीचा आहे.

"मग तू तो एवढा घासून कशाला घेतलास?" मास्तरीण म्हणाली.

तिला उत्तर नेहमी पूर्ण वाक्यात लागतं. मी तिला पुस्तकं खोक्यात भरायला लावली.

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. पलंग घ्यायचं आता बळ नव्हतं, आणि इच्छाही नव्हती. मुलांसाठी दोन गाद्या जमिनीवर घालायच्या असं ठरलं. जमिनीवरून मूल पडत नाही. एवढी सुरक्षित वस्तू कुठल्याच दुकानात मिळाली नसती, असं मी नवऱ्याला म्हटलं, आणि तो कसंनुसं हसला. त्याला वाटलं, मी निवळले.

निघायच्या दिवशी टेम्पो दारात उभा होता. नवरा गाद्या बांधत होता, दीर हातभार लावल्यासारखं करत प्रत्येक खोक्याला नुसता हात लावत होते. वरची खोली रिकामी झाली. पलंग तेवढा होता, स्वच्छ पुसलेला. पुसलाही मीच होता, सवयीनं. मला एकदम संताप आला. पाना आणला आणि खालच्या पलंगाचे बोल्ट सोडवून कठडा काढला. अख्ख्या खोलीतलं माझं म्हणून घेऊन जाता येईल असं तेवढंच होतं, आणि ते मी घेऊन जाणार होते. नव्या घरात त्याचा काय उपयोग, हे मला कुणी विचारलं असतं तर मी त्याच पान्यानं उत्तर दिलं असतं.

जिन्यात जाऊबाई भेटल्या. माझ्या काखेतला कठडा त्यांनी बघितला. बाजूला सरून मला वाट दिली. ढब्बू त्यांच्या बाजूनं निसटून वर गेला, आणि थोड्याच वेळात त्याच्या उड्यांचे आवाज यायला लागले. पलंग कुरकुरतसुद्धा नव्हता.

मी कठडा टेम्पोत गाद्यांच्या वर आडवा ठेवला. मास्तरीण आधीच आत बसली होती, मांडीवर शाळेचं दप्तर. तिनं कठड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, ढब्बू झोपेत फिरतो."

"माहीत आहे."

"तो आता तिथंच झोपणार आहे. मोठ्या काकू म्हणाल्या, आजपासूनच."

"झोपू दे."

"मग तो पडेल ना."

पुढचं सगळं मला दिसलं. खालच्या पलंगावरून पडलेलं मूल माझ्या खोलीत कसं येतं ते मला तोंडपाठ आहे. बहुतेक वेळा गळ्याजवळचं हाड, नाहीतर मनगटाच्या वरचं. आईच्या कडेवर, एक हात लोंबता, रडून रडून दमलेलं. जाऊबाई त्याला घेऊन माझ्या दारात उभ्या आहेत, दीर मागं फाइल धरून उभे आहेत, आणि टेबलावर ढब्बू माझ्याकडे बघून म्हणतोय, काकू, उचल. आणि एक क्षण मला वाटलं, येऊ दे. येऊ दे एकदा. बघू देत त्यांना. खरंच वाटलं, त्यात काही झाकण्यासारखं नाही. दुसऱ्याच क्षणी माझं मलाच कळलं. दोन वर्षांच्या पोराचं हाड माझ्या मनात मी मोडून मोकळी झाले होते, आणि तेही त्याच्या आईला बघायला मिळावं म्हणून.

मी टेम्पोतून कठडा ओढून काढला.

"आता काय?" नवरा म्हणाला. "दोरी बांधून झाली."

"सोड पुन्हा," मी म्हटलं.

जिना चढताना कठडा दोनदा भिंतीला घासला. वर ढब्बू पलंगावर उताणा पडून पाय वर करून हसत होता. जाऊबाई शेजारी उभ्या होत्या, हातात त्याची छोटी उशी. म्हणजे उशी त्यांनी आणूनही ठेवली होती. मी कुणाकडे न बघता कठडा जागेवर टेकवला, बोल्ट घातले आणि पान्यानं आवळायला लागले. ढब्बूनं कठड्याच्या फटीतून बोट बाहेर काढून माझ्या नाकाला लावलं. मी त्याचं बोट हलकेच आत सारलं.

"मला माहीतच होतं," जाऊबाई म्हणाल्या.

मी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर चिडवणं नव्हतं, लाजही नव्हती. आभार तर नव्हतेच.

"काय माहीत होतं, ताई?"

"तू परत आणून लावशील ते. मी यांना म्हटलं, नवीन करायला सांगू नका, ती लावून देईल." त्यांनी उशी पलंगावर ठेवली, ढब्बूचं डोकं उचलून तिच्यावर टेकवलं आणि मग कठडा धरून जरासा ओढून बघितला, अगदी मी दुकानात ओढून बघायची तसा. "तो डावीकडचा बोल्ट अजून हलतोय बघ."

हलत होता. मी पाना लावला आणि तो घट्ट केला.